वेरूळ एका दिवसात: कैलास आधी की शेवटी? (क्रम, जिने, प्रकाश, वाहतूक)

कातळवाट

थंडी सुरू झाली की वेरूळच्या नियोजनाचे प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरलेले दिसतात. म्हणून सगळं एका जागी मांडतोय. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा, राहिलं असेल ते भरा.

सगळ्यात आधी वार. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. ही जोडी लोकांच्या डोक्यात हमखास उलटी बसते आणि गाडी-हॉटेल ठरल्यावर लक्षात येतं. दोन्ही सलग दोन दिवसांत करायचं असेल तर रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ, किंवा सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा. मात्र सोमवारी घृष्णेश्वराला गर्दी असते आणि दर्शन झाल्यावर तीच माणसं लेण्यांकडे वळतात, हे धरून चाला.

वेळ सूर्योदय ते सूर्यास्त. तिकीट भारतीयांना सध्या ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६००, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. ऑनलाइनही काढता येतं, पण गेटपाशी नेटवर्कवर विसंबू नका. आदल्या रात्री काढून स्क्रीनशॉट ठेवा.

आता जागेचा अंदाज. डोंगराची कड साधारण दक्षिणोत्तर, दोनएक किलोमीटर पसरलेली. लेण्यांची तोंडं पश्चिमेकडे. क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. गेटातून आत आलात की समोर १६ नंबर, म्हणजे कैलास. उजव्या हाताला १५ पासून १ पर्यंत चालत जाता येतं. डावीकडे १७ पासून पुढची. जैन लेणी मात्र दीडएक किलोमीटर लांब आहेत, तिथे बसने जावं.

बहुतेकांचं काय होतं? अकराला पोचतात, कैलासात दीड तास, बाहेर येईपर्यंत ऊन तापलेलं, मग दहा नंबर धावत बघून परत. ३२ नंबर बघायचंच राहून जातं. माझा सुचवलेला क्रम असा: गेट उघडताच कैलास, नऊपर्यंत. मग १५ आणि १४. तिथून दक्षिणेकडे १२, ११, १०, ६, ५, २. जेवण. मग बसने ३२, ३३ आणि २९. चारच्या सुमारास परत.

छिन्नी

माहिती उत्तम, क्रमाशी मात्र असहमत. तुम्हीच लिहिलंय की तोंडं पश्चिमेकडे. म्हणजे सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो आणि दर्शनी भाग सगळा सावलीत. कैलासाचं शिखर सकाळी पाठीमागून उजळतं, समोरून काळपट दिसतं. खरं कोरीवकाम उठून दिसतं ते दुपारी तीननंतर, तिरपं ऊन समोरून येतं तेव्हा. दहा नंबरचंही तेच. सज्जावरच्या मोठ्या कमानीतून उजेड आत शिरतो तो दुपारनंतर. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तर मावळतीची किरणं थेट आतल्या बुद्धमूर्तीच्या चेहऱ्यापर्यंत पोचतात.

म्हणून माझं मत: सकाळी दक्षिण टोकाला जा, २ नंबरपासून सुरुवात करा आणि कैलास दुपारी शेवटी ठेवा.

अजून एक. क्रमांक म्हणजे कालक्रम नव्हे. १ पासून पुढे गेलं की जुन्याकडून नव्याकडे जातो असा समज दिसतो. २१ नंबरचं रामेश्वर आणि २९ नंबरचं धुमार लेणं ही सगळ्यात आधीच्या लेण्यांपैकी, सहाव्या शतकातली. कैलास आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. त्याची कारकीर्द साधारण इ. स. ७५६ ते ७७३.

कातळवाट

प्रकाशाचा मुद्दा मान्य. पण दुपारी चार वाजता कैलासात शाळांच्या सहली असतात. वरच्या सभामंडपात चाळीस मुलं एकदम शिरली की खांब दिसत नाहीत आणि जिन्यावर चढणारे-उतरणारे अडकतात. सकाळी साडेसातला तिथे दहा माणसंही नसतात, दगड गार असतो, हवा स्वच्छ असते. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर सकाळच.

मधला मार्ग: कैलास दोनदा. सकाळी आतून, निवांत, वरखाली सगळं. संध्याकाळी पाऊण तास फक्त बाहेरून आणि प्रांगणातून, प्रकाशासाठी. तिकीट शेवटपर्यंत जपून ठेवा आणि जेवायला बाहेर पडण्याआधी परत आत येता येईल का, ते दारावर विचारून घ्या. डिसेंबरात सूर्य सहाच्या आधीच मावळतो आणि पहारेकरी त्याच्या बरेच आधी लोकांना बाहेर काढायला लागतात. साडेपाचला पोचून उपयोग नाही.

पारिजात

छान धागा. सोबत पंचाहत्तरीचे दोघं असतील, दोघांचे गुडघे दुखतात. जिने कुठे कुठे आहेत आणि न चढता काय काय दिसतं, हे कुणी नेमकं सांगेल का?

ओसरी

लेणं लेणं घेऊन सांगते.

१६, कैलास: गोपुराच्या दारातून प्रांगणात जमिनीच्या पातळीवरच जाता येतं. उंबरठा आणि खडबडीत फरशी सोडली तर अडचण नाही. प्रांगणाची प्रदक्षिणा बिनजिन्याची. हत्तींचा थर, रामायण-महाभारताचे पट, रावणानुग्रह (कैलास पर्वत उचलणाऱ्या रावणाचा पट), दोन्ही स्तंभ, मोकळे उभे हत्ती हे सगळं खालूनच दिसतं. वरच्या मजल्यावर मात्र जिन्यानेच जावं लागतं. मंडपाच्या दोन्ही अंगांना एकेक जिना आहे, अरुंद, पायऱ्या उंच आणि झिजून मधे खोलगट झालेल्या. उतरताना जास्त त्रास होतो, कारण उजेडातून एकदम अंधारात पाय टाकायचा असतो. मोबाइलची बॅटरी लावून, भिंतीच्या बाजूने, एकेक पायरी. गुडघ्यांचा त्रास असेल तर वर नाही गेलं तरी चालेल. कैलासाचं निम्म्याहून जास्त शिल्प खालीच आहे.

१५, दशावतार: आवारातच बऱ्याच पायऱ्या चढून जावं लागतं आणि मुख्य शिल्पपट वरच्या मजल्यावर. दुखऱ्या गुडघ्यांसाठी सोडून द्यावं.

१४: थोड्या पायऱ्या, आत सपाट. १५ चढता येत नसेल तर १४ मधली महिषासुरमर्दिनी आणि सप्तमातृका बघा.

१२, तीन ताल: तीन मजले. तळमजला बिनत्रासाचा, पण खरी गोष्ट तिसऱ्या मजल्यावर आहे.

१०: प्रांगणात थोड्या पायऱ्या, चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, खालच्या पातळीवर. ज्येष्ठांसाठी बौद्ध गटातलं हे एक तरी नक्की.

५: रस्त्यापासून चढ आहे, पायऱ्याही आहेत.

२१: जोत्यापर्यंत थोडी चढण. दर्शनी भिंतीवरची मकरावर उभी गंगा बाहेरूनच दिसते.

३२, इंद्रसभा: खालचं आवार सोपं, वरच्या मजल्याला जिना.

२९: पायऱ्या आहेत पण रुंद, दोन्ही बाजूंना सिंह. हळूहळू जमतं.

एक सूचना. ज्येष्ठांसोबत एकाच फेरीत ६, ५, २ पर्यंत चालत जाऊ नका. जाणं उताराचं वाटतं आणि येताना दम लागतो. त्यांना १० पर्यंत न्या, तिथल्या सावलीत बसवा, बाकीच्यांनी पुढे जाऊन यावं.

पारिजात

धन्यवाद, अगदी हेच हवं होतं. कैलासाच्या प्रांगणात खालून नेमकं काय आणि कुठल्या क्रमाने पाहायचं, तेही लिहाल का कुणी?

छिन्नी

लिहितो, जरा सविस्तर.

आधी माप डोळ्यांत भरू द्या. डोंगरात खोदलेला हा खड्डा सुमारे ८२ मीटर लांब, ४६ मीटर रुंद. मागच्या बाजूला कातळ तीस मीटरपेक्षा जास्त खोल कापलाय. मधे उभं आहे ते मंदिर बांधलेलं नाही, खड्डा खोदताना मागे ठेवलेलं आहे. वरून तीन बाजूंनी चर खोदत गेले, मधे कातळाचा ठोकळा राहिला आणि तो वरून खाली कोरत आणला. शिखर आधी, जोतं शेवटी. त्यामुळे उंच परांचीची गरज फारशी पडली नाही. कारागीर ज्या पातळीवर उभा, तीच त्याच्या कामाची पातळी. तोटा एकच: वर चूक झाली तर दगड परत लावता येत नाही.

गोपुरातून आत आलात की थांबा. समोरच्या भिंतीवर गजलक्ष्मी आहे. लोक तिच्यासमोर फोटो काढून वळतात. तिच्याखाली बघा: कमळांचं तळं कोरलंय, पानं पाण्यावर पसरलेली, कळ्या, उमललेली फुलं, सगळी वेगवेगळी. खालचे हत्ती सोंडेने घट भरतात आणि वरचे हत्ती तेच घट तिच्यावर रिते करतात.

तिथून डावीकडे वळा, म्हणजे मंदिर उजव्या हाताला राहतं आणि प्रदक्षिणा बरोबर होते. उत्तरेच्या प्रांगणात मोकळा उभा हत्ती, त्याच्याजवळ स्तंभ. दक्षिणेलाही तशीच जोडी आहे. उत्तरेच्या कड्यात नदीदेवतांचं छोटं दालन आहे, गंगा, यमुना, सरस्वती. उजेड कमी असल्यामुळे बहुतेक लोक न पाहताच पुढे जातात. त्याच बाजूला मंडपाच्या भिंतीवर महाभारताचा पट, आडव्या पट्ट्यांत. खालच्या पट्ट्यांत कृष्णाच्या बाललीला.

पुढे गेलात की जोत्याचा हत्तींचा थर लागतो. सात-आठ मीटर उंच जोतं आणि त्यातून हत्ती-सिंह अर्धे बाहेर आलेले, जणू सगळं मंदिर पाठीवर घेतलंय. एका जागी उभं राहून बघू नका, चालत बघा. काही हत्ती चारा खाताहेत, काही सिंहांशी भिडलेत.

मागे कड्यात तिन्ही बाजूंनी ओवऱ्या खोदल्या आहेत, त्यात एकामागून एक शिल्पपट. पाय थकले असतील तर इथे सावली असते.

आता दक्षिणेकडे या. रावणानुग्रह इथे आहे, जोत्यात खोल कोरलेला. रावण खाली, अनेक हात पसरून पर्वत उचलतोय. वर पार्वती दचकून शिवाकडे कललीय, तिची दासी पळत सुटलीय, आणि शिव मात्र शांत, पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबतोय. रावणाचे हात दगडापासून सुटे कोरलेत, म्हणून मागे खोल सावली पडते आणि पर्वत खरंच हलल्यासारखा वाटतो. हिवाळ्यात दक्षिणेचा उंच कडा ऊन अडवतो, त्यामुळे इथे थेट ऊन क्वचितच येतं. अकरा ते दोन या वेळात समोरच्या कातळावरून परावर्तित होणारा उजेड बरा असतो. पटापासून तीन-चार पावलं मागे येऊन, किंचित डावीकडून पाहा. अगदी समोरून पाहिलं तर खोली कळत नाही.

शेवटी मंडपाच्या दक्षिण भिंतीवरचं रामायण. वानरांची सेतूची लगबग मुलांना शोधायला लावा. इथेच वर पाहिलंत तर दक्षिणेच्या कड्यातल्या दालनाकडे जाणारा पूल पडलेला दिसतो.

वर गेलात तर: नंदीमंडप, त्यातून पुलावरून सभामंडप. सोळा खांब, चार-चारच्या गटांत, त्यामुळे मधे अधिक चिन्हासारखी वाट तयार होते. छतात मधोमध नटराज. पश्चिमेच्या ओसरीचं छत बघायला विसरू नका, तिथे गिलाव्यावरच्या रंगांचे तुकडे अजून शिल्लक आहेत. एकावर एक थर आहेत, म्हणजे वेगवेगळ्या काळात पुन्हा रंगवलंय. कैलासाला रंगमहाल असंही म्हणत, ते याच रंगांमुळे. गर्भगृहाच्या बाहेरच्या गच्चीवर पाच छोटी देवळं आहेत.

सह्यवारा

फार उपयोगी. एक शंका: हे माणसांनी खोदणं शक्यच नाही, एवढा दगड गेला कुठे, असे व्हिडिओ खूप फिरतात. यावर काय उत्तर द्यायचं?

छिन्नी

जागेवरच उत्तर मिळतं. ओवऱ्यांच्या मागच्या भिंतींवर आणि कमी कोरलेल्या भागांवर छिन्नीच्या ओळी जवळून बघा, बॅटरी भिंतीला समांतर धरून. तिरप्या, बोटभर अंतराच्या, एकाच दिशेने गेलेल्या. एका कारागिराची जागा संपली की दिशा बदलते. शिवाय वेरूळात अर्धवट सोडलेली लेणी आहेत, त्यात खोदकामाचे टप्पे उघडे पडलेत: आधी चर, मग ठोकळे, मग खडबडीत आकार, मग बारीक काम.

मंदिराचा आराखडाही आभाळातून पडलेला नाही. कर्नाटकातल्या पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर इ. स. ७४०च्या सुमाराचं, चालुक्यांचं. त्याचा नकाशा आणि कैलासाचा नकाशा शेजारी ठेवून बघा. चालुक्यांची सत्ता राष्ट्रकूटांनी घेतली. त्यांची कारागिरीही सोबत आली असं मानायला पुरेसा आधार आहे. शेजारच्या १५ नंबरमध्ये कृष्णाचा पुतण्या दंतिदुर्ग याचा शिलालेख आहे, म्हणजे राष्ट्रकूट इथे कैलासाच्या आधीपासून हजर आहेत.

आणि बडोद्याला सापडलेला राष्ट्रकूट घराण्यातल्या कर्कराजाचा इ. स. ८१२चा ताम्रपट एलापुरावरच्या, म्हणजे वेरूळच्या, या मंदिराचं वर्णन करतो. हे मी कसं घडवलं, असं खुद्द ते करणाऱ्या शिल्पकारालाच आश्चर्य वाटलं, असं त्यात लिहिलंय. आश्चर्य वाटणं योग्यच आहे, फक्त ते माणसांच्या हातांबद्दल वाटू द्या.

लेणीमित्र

छिन्नी यांच्या प्रतिसादाला पुस्ती. बाराव्या लेण्याबद्दल कुणी नीट लिहिलेलं नाही, म्हणून.

तीन ताल बाहेरून साधं दिसतं. सपाट चौकोनी खांबांचे तीन मजले, एखाद्या वसतिगृहासारखे. त्यामुळे निम्मे लोक दारातूनच परत फिरतात. तिसऱ्या मजल्यावर मागच्या भिंतीशी गर्भगृहाच्या दोन्ही बाजूंना सात-सात बुद्ध ओळीने बसलेले आहेत. एका बाजूचे ध्यानस्थ, दुसऱ्या बाजूला मुद्रा वेगळी. वरचा मजला रुंद आणि खुला असल्यामुळे दुपारी पुरेसा उजेड असतो.

शेजारच्या ११ला दोन ताल म्हणतात, पण मजले तिथेही तीनच. खालचा मजला मातीखाली गाडलेला होता, १८७६ साली तो उघडा झाला, नाव मात्र जुनंच राहिलं.

मुलं सोबत असतील तर ६ नंबर चुकवू नका. तिथे महामायुरी ही बौद्ध देवी आहे, शेजारी मोर, आणि खाली एक भिक्षू पोथी उघडून वाचत बसलाय. मुलांना हा वाचणारा भिक्षू शोधायला दिला की ती आपणहून प्रत्येक भिंत निरखायला लागतात.

५ नंबरात लांबच लांब दालन आणि मधे जमिनीतूनच कोरलेले दोन कमी उंचीचे, समांतर, लांब ओटे. असे ओटे इथल्या इतर विहारांत, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यांत, दिसत नाहीत. एका ओट्याच्या टोकाला खाली बसून सरळ रेषेत मूर्तीकडे पाहा, दालन दुप्पट खोल वाटतं.

कातळवाट

जैन गट आणि २९बद्दल मीच थोडक्यात लिहितो, कारण सुरुवातीला ते नुसते आकडे टाकले.

बस सुटण्याची जागा आणि शेवटची परतीची बस, दोन्ही आत शिरतानाच विचारून ठेवा. संध्याकाळी परतीची बस चुकली तर उन्हातून किंवा तिन्हीसांजेला दीड किलोमीटर चालत यावं लागतं. बस थांबते ती जागा ३२च्या जवळ. तासभर ठेवा.

३२ मध्ये आवारात एकाच कातळातून कोरलेलं छोटं चौमुखी देऊळ आहे, शेजारी हत्ती. वरच्या मजल्यावर आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली अंबिका. फांद्यांतले आंबे, पानं, त्यात बसलेले पक्षी, सगळं इतकं बारीक की कैलासाच्या भव्यतेनंतर इथे नजर लहान करावी लागते. छतावर रंगही आहेत. मान वर करून थकायला होतं, म्हणून भिंतीला टेकून बघा, पण कोरीव भिंतीला नको, साध्या भिंतीला. ३३ मध्ये बघण्यासारखं आहे, पण वेळ कमी असेल तर ३२च नीट बघा.

२९ घारापुरीच्या मुख्य लेण्यासारखं आहे, तीन बाजूंनी उघडं. मधे गर्भगृहाला चारही बाजूंनी दारं आणि प्रत्येक दारावर प्रचंड द्वारपाल. शेजारी पावसाळ्यात धबधबा कोसळतो.

सह्यवारा

धबधब्याचा विषय निघालाच आहे तर पावसाळ्याबद्दल सांगा. जुलैत जावं का?

ओसरी

हिरवळ आणि धबधबे हवे असतील तर जुलै-ऑगस्ट सुंदर. पण या अडचणी धरा.

काळा कातळ ओला झाला की शेवाळाने निसरडा होतो, विशेषतः उंबरठे आणि झिजलेल्या पायऱ्या. रबरी, खाचांच्या तळव्यांचे बूट घाला. गुळगुळीत चप्पल आणि नवे चामड्याचे बूट दोन्ही वाईट. आकाश ढगाळ असलं की आतली शिल्पं जवळजवळ अंधारात जातात, म्हणून बॅटरी हवीच. २८-२९च्या बाजूची धबधब्याजवळची पायवाट जोराच्या पावसात बंद ठेवतात. बंद असेल तर वळसा घालून जाण्याचा प्रयत्न करू नका.

काही लेण्यांत छतातून पाणी ठिबकतं. हा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. दोन थरांच्या सांध्यात सच्छिद्र दगड असतो, पाणी तिथून वाट काढतं. ज्या भिंतीत असा सांधा आला तिथलं कोरीवकाम जास्त झिजलेलं दिसेल. झीज म्हणजे दर वेळी कुणीतरी केलेली तोडफोड नसते.

एप्रिल-मे शक्यतो नको. कैलासाचं प्रांगण म्हणजे तिन्ही बाजूंनी तापलेला कातळ, वारा नाही. ऊन उतरल्यावरही भिंती तासन् तास उष्णता सोडत राहतात.

पाणी माणशी दीड-दोन लिटर सोबत ठेवा, खाणं मात्र पिशवीत बंद. उघड्या पिशवीवर वानरं झडप घालतात. कड्यावर आग्यामोहोळं असतात. तीव्र अत्तर, धूर, आरडाओरडा, दगड मारणं यांपैकी काहीही नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून आडोशाला जा.

पारिजात

कैलासाच्या वरच्या डोंगरावरून दिसणारा तो प्रसिद्ध फोटो, तिथे कसं जातात?

लेणीमित्र

कैलासाच्या दक्षिणेकडून, म्हणजे समोर उभं राहिल्यावर उजव्या हाताने, वर जाणारी वाट आहे. वीसएक मिनिटांची चढण. वरून मंडपाच्या छतावरचं कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह दिसतात. खालून ते कळतच नाहीत.

धोका खरा आहे. कडा उभा आहे आणि मागच्या बाजूला खाली तीस मीटर. कुंपण असेल त्याच्या आतच थांबा. कडेला सुटी माती आणि बारीक खडी असते, पाय तिच्यावरून घसरतो, कातळावरून नव्हे. सेल्फी काढताना मागे सरकणं हीच खरी चूक. लहान मुलांना वर नेऊच नका. सकाळी वर गेलात तर कड्याची सावली खड्ड्यात पडते आणि निम्मं मंदिर काळं येतं. फोटोसाठी दुपार चांगली, चढायला सकाळ.

सह्यवारा

फोटोचे नियम?

लेणीमित्र

मोबाइल आणि साधा कॅमेरा चालतो. व्हिडिओ कॅमेऱ्याला वेगळं शुल्क. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते, ड्रोनला बंदी. रंग शिल्लक असलेल्या जागी फ्लॅश अजिबात नको. तसाही फ्लॅश समोरून पडला की सावल्या पुसल्या जातात आणि शिल्प सपाट येतं. त्याऐवजी सोबतच्या माणसाला बॅटरी एका बाजूला, कमरेच्या उंचीवर धरायला सांगा. नाक, ओठ, दागिने लगेच उठून येतात. मोबाइल असेल तर उघड्या दाराकडे रोखू नका, नाहीतर आतलं सगळं काळं होतं. शिल्पाच्या सावलीतल्या भागावर बोट ठेवून फोकस धरा.

हात लावू नका, हे लहान मुलांना आधीच सांगून ठेवा. हाताचं तेल आणि घाम दगडात मुरतो. नंदी, हत्तीची सोंड, द्वारपालाचा गुडघा, जिथे जिथे लोक हात लावतात ते भाग तुळतुळीत काळे झालेत आणि त्यांवरची बारीक रेघ गेलीय. नावं कोरणाऱ्यांसाठी: कायद्यातल्या २०१०च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ओसरी

वाहतुकीचं राहिलं. छत्रपती संभाजीनगरहून सुमारे तीस किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नड-चाळीसगावकडे जाणाऱ्या एसटी वेरूळला थांबतात. वाहकाला 'लेणी' म्हणून सांगा, गावात उतरलात तर उलटं चालावं लागतं. स्वतःची गाडी असेल तर दौलताबादच्या जुन्या वेशीपाशी सुट्टीच्या दिवशी कोंडी होते, कारण कमानीतून एका वेळी मोजक्याच गाड्या जातात. सकाळी सातच्या आत तिथून पुढे गेलेलं बरं.

एका दिवसात दौलताबाद किल्ला, खुलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर असं सगळं कोंबणाऱ्या सहली असतात. किल्ला नीट चढायचा तर अडीच-तीन तास आणि पायांतलं बळ, दोन्ही लागतं. त्यानंतर लेण्यांत लक्ष लागत नाही. वेरूळसोबत फक्त घृष्णेश्वर ठेवा. ते लेण्यांपासून किलोमीटरभरही नाही. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो, आणि रांग कधी दोन तासही लागते. दर्शन सकाळी उरकून मग लेणी, असं ठरवलंत तर सकाळची गार वेळ रांगेत जाते. उलट करा, लेणी आधी.

वाटाड्या घेणार असाल तर ओळखपत्र बघून घ्या आणि किती लेणी, किती वेळ, जैन गट धरून की सोडून, हे आधीच ठरवा. तासाभरात 'सगळं' दाखवतो म्हणणाऱ्याकडून तुमच्या हाती फक्त कैलास लागेल.

पारिजात

सगळ्यांचे खूप आभार. ठरलं: सकाळी कैलास खालून, मग १४ आणि १०, जेवण, बसने ३२ आणि २९, परत येऊन संध्याकाळी पुन्हा कैलास. शेवटचा प्रश्न, दहा नंबरात वरचा सज्जा बघायचा का? जिना आहे म्हणे.

छिन्नी

आई-वडील खालीच बसू देत. खालून छताच्या दगडी फासळ्या दिसतात, लाकडी बांधणीची हुबेहूब नक्कल, आणि स्तूपासमोर पाय खाली सोडून बसलेला बुद्ध. तुम्ही मात्र वर जा. सज्जा उघडा असेल तर फासळ्यांच्या मुळाशी कोरलेली छोट्या गणांची पट्टी डोळ्यांच्या जवळ येते, खालून ती नुसती नक्षी वाटते. दार बंद असेल तर पहारेकऱ्याला विचारून बघा. नाहीच उघडलं तर खाली स्तूपामागच्या प्रदक्षिणामार्गात जाऊन वर बघा, तिथून फासळ्या स्तूपावर कशा एकत्र येतात ते सगळ्यात स्पष्ट दिसतं. त्या मार्गात खांबांमागे अंधार असतो, बॅटरी खाली फरशीकडे धरा.